आधी लिही, मग सांग

मी एक सर्व्हर बोलतोय. वडाळ्याच्या भंगाराच्या गोदामात, एक फुटका पंखा आणि तीन गंजके गीझर यांच्यामध्ये पडून बोलतोय. इथे येऊन पडलेला जो तो आपली थोरवी सांगत बसतो. मधला गीझर तर सकाळपासून कुठल्या बंगल्यात होता तेच ऐकवतोय. मला थोरवी सांगायची नाही. माझ्या पोटात एक कागद आहे, आणि उद्या-परवा हातोडीवाला माझं पोट फोडणार आहे. त्याआधी कुणीतरी माझं ऐकून घ्या. आणि कृपा करून घाई करू नका. घाईनेच सगळं वाटोळं केलंय.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात वगैरे झाला नाही. चौदा वर्षांपूर्वी रघुनाथ घाडी नावाच्या माणसाने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग पिशवीत भरून आणले आणि परळच्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसात मला जोडलं. हा रघुदादा लालबागचा, मूळचा मालवणकडचा, ऑफिसची यंत्रं सांभाळणारा. शेवटचा स्क्रू पिळून त्याने बटण दाबलं, मी घरघरलो, तसा खूश होऊन म्हणाला, "उठलंस काय रे झिला?" झिला म्हणजे पोरा. माणसाने माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

ते ऑफिस एका छोट्या संस्थेचं होतं. दुर्मीळ रक्तगटाच्या माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर जपून ठेवायचे आणि कुठल्याही हॉस्पिटलातून हाक आली की योग्य माणसाला गाठून द्यायचं, एवढंच तिचं काम. ती यादी माझ्याकडे असे. तिला डेटाबेस म्हणतात, पण घाबरू नका, वहीच ती. फक्त पानं उलटावी लागत नाहीत.

रघुदादाने पहिल्याच दिवशी मला एक शिस्त लावली. कुणी नवी नोंद टाकली की आधी ती आतल्या तबकडीवर कोरायची, कोरून झाली याची खात्री करायची, आणि मगच पडद्यावर 'नोंद झाली' असं म्हणायचं. त्यात क्षणभर जातो. तेवढ्यात माझा तांबडा दिवा लुकलुकतो. काही लोक ही शिस्त बंद ठेवतात. मग यंत्र नोंद नुसती डोक्यात ठेवतं, लगेच 'झाली' म्हणतं आणि सवडीने लिहितं. मधे वीज गेली तर डोक्यातलं सगळं गेलं. रघुदादाला ते चालायचं नाही. "आधी लिही, मग सांग. काय?" असं तो मला दटावून सांगायचा. चौदा वर्षांत मी एकदाही न लिहिता 'झाली' म्हटलं नाही. मला एवढाच एक अभिमान आहे, तो मला करू द्या.

माझ्यासमोर बसायच्या बकुळाताई. नायगावच्या चाळीत शिवणकाम करणारी ही बाई संस्थेत आली ती मुलीपायी. रश्मी, त्यांची एकुलती एक, अकरावीत असताना अपेंडिक्सच्या ऑपरेशनला नेली आणि तपासणीत तिचा बॉम्बे रक्तगट निघाला. आपल्याच शहराचं नाव लागलेला, पण दहा हजारांत एखाद्याचाच असतो. त्या माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही, अगदी सख्ख्या आईचंसुद्धा नाही. बकुळाताईंनी आपला दंड पुढे केला होता, डॉक्टरांनी तो खाली ठेवायला लावला. तेव्हापासून त्या शिवणयंत्र सोडून या यादीपाशी येऊन बसल्या. दुसऱ्यांच्या लेकरांची नावं टाकता टाकता आपल्या लेकीसाठी पहारा द्यायच्या.

त्यांची एक पद्धत होती. दात्याचा पत्ता-नंबर आधी एका चिठ्ठीवर घ्यायच्या. मग मला सांगायच्या. संस्थेचा नियम असा, की लोकांची खाजगी माहिती टेबलावर पडू द्यायची नाही, नोंद झाली की चिठ्ठी फाडायची. पण ताई पडद्यावर विश्वास ठेवायच्या नाहीत. मान वाकडी करून माझा तांबडा दिवा लुकलुकला का बघायच्या, आणि मग चिठ्ठीचे चार तुकडे करायच्या. खंडेनवमीला रघुदादा मला झेंडूचा हार घालायचा. त्याचा बाप मिलमध्ये मागाला घालायचा तसाच. बकुळाताई त्या हळदकुंकवात पडायच्या नाहीत, पण त्या दिवशी मला ओल्या फडक्याने पुसून घ्यायच्या त्याच. मला दोन्ही आवडायचं.

यादीत बॉम्बे गटाचे तसे तीन जण होते शहरातले. एक आखाताकडे नोकरीला गेला, एकाचं वय उलटून गेलं. उरला कुशाबा. वडाळ्याच्या यार्डात हमाली करणारा, उंचच्या उंच, दारातून वाकून येणारा. तो दर सहा महिन्यांनी नुसताच येऊन बसायचा. "आहे मी, ताई. कुठं गेलो नाही," म्हणून जायचा. बकुळाताई त्याला चहा पाजायच्या आणि तो दाराबाहेर पडला, की स्वतःशीच म्हणायच्या, "जपून राहा रे बाबा."

गेल्या वर्षी रश्मीला दिवस गेले. ताईंच्या चेहऱ्यावर आनंद आणि धसका असे दोन्ही एकदम बसले. ठरलं असं, की तारखेच्या आठवडाभर आधी कुशाबाने रक्त द्यायचं आणि ते राखून ठेवायचं. सगळं नीट ठरलं होतं हो. अगदी चोख.

आणि त्याच सुमाराला संस्थेच्या विश्वस्तांना नवं यंत्र घ्यायची हुक्की आली.

आता मी म्हातारा झालो होतो, ते मला मान्य आहे. घरघर वाढली होती, उन्हाळ्यात तापायचो. नवा आणू नये असं माझं म्हणणं नव्हतं. पण आणण्याआधी तुलना करायची ठरली. जुन्या यंत्रावरचा डेटाबेस किती वेगाने चालतो आणि नव्यावरचा किती, ते मोजायचं. त्यासाठी अनिश नावाचा सल्लागार आला. पोरगा वाईट नव्हता. हसतमुख, सगळ्यांना दादा-ताई करणारा. फक्त त्याला निकाल आधीच माहीत होता.

त्याने काय केलं ते ऐका. माझी परीक्षा घेतली भर सोमवारी, बकुळाताई नोंदी टाकत असताना आणि माझं रोजचं प्रत काढायचं काम चालू असताना. नव्याची घेतली तो रिकामा बसलेला असताना. माझ्यावर लिनक्स, त्याच्यावर वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम. माझी तबकडी फिरणारी, त्याची चिपवाली. सगळंच वेगळं, मग फरक कशाने पडला हे कुणाच्या बापाला कळणार? आणि कळस म्हणजे, 'आधी लिही, मग सांग' ही शिस्त माझ्यात चालू आणि त्याच्यात बंद.

"दादा, नंबर बघा ना!" अनिश रघुदादाला म्हणाला. "जुना सेकंदाला एकसष्ट नोंदी, नवा चार हजार आठशे. मॅटरच संपला."

रघुदादाने पडदा बघितला. हळूच म्हणाला, "तू लिहायची सेटिंग बंद ठेवलीयस."

"टेस्टपुरती, दादा. नंतर ऑन करू."

"आणि ह्याची टेस्ट बकुळाताईंचं काम चालू असताना घेतलीस."

अनिश हसला. "दादा, राग मानू नका हां. नवीन नको असलं ना, की लोक असेच पॉइंट काढतात."

झालं. रघुदादाने तो विषय तिथेच सोडला. अनिशला काय माहीत त्याने कुठे हात घातला ते. रघुदादाचा बाप मिलमध्ये विणकर होता. नवे माग आले तेव्हा तो एकटा म्हणाला, की या मागावर सूत तुटतंय, आधी ते बघा. साहेबांनी त्याला जुनाट म्हटलं. पुढे मिल बंद पडली, ती शंभर कारणांनी पडली, पण चाळीच्या नळावर लोक म्हणायचे, घाडीने नव्याला आडवा पाय घातला. शाळेत पोरं रघूला 'जुना माग' म्हणून चिडवायची. बाप मरेपर्यंत दार लावून जेवला. आणि पोराने तेव्हाच मनाशी गाठ मारली, की आयुष्यात काही झालं तरी नव्या यंत्राच्या वाटेत उभं राहायचं नाही. गिरणगावातली ही भीती आहे. बाहेरच्याला ती कळायची नाही.

तरी त्याचं मन त्याला खात होतं. रविवारी सकाळी तो एकटा ऑफिसात आला आणि तुलना केली, जशी करायला हवी तशी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. कागदावर पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या. मी, कुणी त्रास देत नसताना, सेकंदाला नव्वद. नवं यंत्र, त्यावर माझी लिनक्स, शिस्त चालू, चारशे चाळीस. नवं यंत्र, त्याची स्वतःची सिस्टिम, शिस्त चालू, चारशे दहा. तेच, शिस्त बंद, चार हजार आठशे. खाली लिहिलं, 'बंद ठेवली तर वीज गेल्यावर नोंद जाते. अनिशला सांगणे.'

बघितलंत? म्हणजे खरं बोलूनही नवाच जिंकत होता! साडेचार पट वेगवान होता माझ्यापेक्षा. खोटं बोलायची गरजच नव्हती. आणि बकुळाताई दिवसाला नोंदी टाकायच्या जास्तीत जास्त चाळीस. सेकंदाला नाही, दिवसाला. कुणाला हवे होते ते चार हजार आठशे?

रघुदादाने कागदाची घडी केली, माझं झाकण उघडून आत सारली आणि झाकण लावलं. मला म्हणाला, "गप रव." सोमवारी अनिशच्या अहवालावर त्याने सही केली. चांगली वळणदार सही केली.

त्याच आठवड्यात माझी वायर काढून मला टेबलाखाली सरकवलं. माझ्याबरोबर, वीज गेली तर मला चालू ठेवणारा माझा बॅटरीचा डबाही काढला. नव्याचा म्हणे यायचा होता. आणि ती 'नंतर ऑन करू'ची सेटिंग? ती कोण ऑन करणार? केली असती, तर चार हजारांचे चारशे झाले असते आणि विश्वस्तांनी विचारलं असतं, का हो बाबा?

टेबलाखालून दिसत नाही, पण ऐकू येतं. कान काही वायरीवर चालत नाहीत. जे दिसलं नाही, ते पुढे रघुदादाच्या तोंडून कळलं.

एका मंगळवारी बकुळाताई रश्मीला सोनोग्राफीला घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या खुर्चीत रघुदादा बसला होता. दारात कुशाबाचा आवाज आला.

"दादा, ताई न्हाईत व्हय? माझा फोन यार्डात गाडीखाली गेला बघा. ह्यो नवा नंबर घ्या. आन् वडाळ्याची खोली सोडली, आता अँटॉप हिलला भाच्याकडं असतो. ताईंना सांगा, पोरीचं होईस्तोवर मी गावाला बी जाणार न्हाई. फोन उशाला घेऊन झोपतो."

रघुदादाने चिठ्ठीवर लिहून घेतलं, मग यंत्रावर टाकलं. बोट उचलायच्या आत नवा म्हणाला, 'नोंद झाली.' नव्याला दिवा नव्हता. रघुदादाने चिठ्ठी फाडली. चार तुकडे. मी खालून ऐकले चारही.

पाच मिनिटं झाली नसतील. बाहेर फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या माणसाने मेन स्विच पाडला. स्विच परत वर केला, नवा उठला, पण त्याची वही मधूनच फाटली होती. पानं जुळेनात. अनिश धावत आला, आदल्या दिवशीची प्रत चढवली आणि टाळी वाजवून म्हणाला, "ऑल सेट, दादा. काही गेलं नाही!"

"आजच्या नोंदी?"

"किती होत्या?"

"सहा शिबिरातल्या." सातवी, कुशाबाची, त्याने सांगितली नाही. "त्या टाकतो परत. यादी आहे."

सहा टाकल्या. मग त्याने कुशाबाचं नाव शोधलं. नाव होतं, ते तर आधीपासूनच होतं. नंबर मात्र जुना. आता काय करायचं होतं त्याने? उठून अँटॉप हिलला जायचं, कुशाबाला शोधायचं, नंबर परत घ्यायचा. किंवा बकुळाताईंना सांगायचं, की नवा विसरला, आणि तो विसरू शकतो हे मला माहीत होतं, आणि मी सही केली. दोन्ही नाही केलं त्याने. "उद्या जातो," असं पुटपुटला. बुधवारी म्हणाला, उद्या. गुरुवारी विश्वस्तांची मीटिंग होती. तारखेला अजून महिना होता ना!

शुक्रवारी दुपारी रश्मीला महिनाभर आधीच कळा लागल्या. मुलगी झाली, आणि रश्मीचा रक्तस्राव थांबेना.

बकुळाताई हॉस्पिटलातून फोनवर ओरडत होत्या, "रघुदादा, कुशाबाला लावा! कुशाबाला लावा!" रघुदादाने जुना नंबर लावला. मी ऐकलं. या क्रमांकाची सेवा बंद आहे. त्याने तोच नंबर परत लावला. माहीत असून लावला हो! मग खुर्ची मागे पडल्याचा आवाज आला आणि तो धावत सुटला.

पुढचं मला त्यानेच सांगितलं, आठवड्याने, टेबलाशेजारी खाली बसून. अँटॉप हिलला सरकारी वसाहतीच्या इमारती किती, तो एकेका जिन्यात 'कुशाबा' म्हणून हाका मारत फिरला. अडीच तासांनी कुशाबा सापडला, पाण्याचा हंडा घेऊन येत होता. हंडा तिथेच ठेवून तो निघाला. टॅक्सीत बसल्या बसल्या त्याने बाही वर केली. हॉस्पिटलात पोचले, तर रश्मीला जाऊन वीस मिनिटं झाली होती.

बकुळाताई बाकावर बसल्या होत्या. कुशाबाला बघून उठल्या आणि म्हणाल्या, "नंबर बदलला तर सांगायचं नव्हतं का रे? चहा पाजला तुला मी. एक नंबर सांगायला काय जात होतं तुझं?"

कुशाबा म्हणाला, "ताई, मी तर..." आणि त्याने रघुदादाकडे पाहिलं.

रघुदादाने मान खाली घातली.

कुशाबा त्या खाली गेलेल्या मानेकडे बघत राहिला. मग त्याने बाही खाली केली आणि म्हणाला, "चुकलं माझं, ताई."

का म्हणाला असेल तो असं? लेक गमावलेल्या बाईसमोर वाद घालायचा नाही म्हणून? की समोरच्या माणसाची कीव आली म्हणून? मला नाही कळत. मी आकडे जपणारा. पण एवढं कळतं, की त्या बाईच्या मनात त्या दिवशी खोटी नोंद झाली, आणि ती रघुदादाने होऊ दिली.

त्याने दुसऱ्या दिवशी नव्यातली ती शिस्त चालू केली, गुपचूप. चार हजार आठशेचे चारशे दहा झाले. कुणाला कळलंसुद्धा नाही. अनिशला नाही, विश्वस्तांना नाही. बकुळाताई महिन्याने कामावर आल्या, नातीला पाळणाघरात ठेवून. त्यांनाही नाही. कुशाबा त्यानंतर संस्थेत आला नाही. ताईंनी त्याच्या नावापुढे लिहिलं, 'भरवशाचा नाही.' दहा हजारांतला एक माणूस, आणि त्याच्या नावापुढे हे.

ताईंनी ते लिहिलं त्या संध्याकाळी रघुदादा माझ्याशेजारी बसून रडला. मग माझं झाकण उघडलं, तो कागद काढला आणि पेन्सिलीच्या चार ओळींखाली पेनाने लिहिलं, 'कुशाबाने नवा नंबर मंगळवारी दिला होता. मी टाकला. यंत्राने ठेवला नाही. ते ठेवणार नाही हे मला माहीत होतं. र. घाडी.' मला वाटलं, आता देतो हा बकुळाताईंना. उठला, त्यांच्या टेबलापर्यंत गेला. तिथे जरा उभा राहिला, परत आला, कागद माझ्या पोटात कोंबला आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला फोन केला.

उचलताना त्याने माझ्यावर हात ठेवला होता. मी म्हणालो, मेल्या, तूच मला शिकवलंस ना रे, आधी लिही मग सांग? तू लिहिलंस. मग आता सांग की! पण वायर काढलेल्याचा आवाज कुणाला जातो.

मला मोडा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तांबं घ्या, पत्रा घ्या. तबकडी पुसा, त्यातली नावं कुणाच्या हाती लागू देऊ नका. फक्त झाकणाच्या आत, डाव्या बाजूला, घडी घातलेला एक कागद आहे. तो फाडू नका. परळला रक्ताच्या ऑफिसात बकुळाताई म्हणून बसतात, त्यांच्या हातात द्या. रघुदादाचं जे व्हायचं ते होईल. त्याचा मला लळा आहे, तरी सांगतोय. त्या बाईला कळू दे, की तो उंच माणूस सांगायला आला होता.

द्याल ना? थांबा, आत्ताच हो म्हणू नका. आधी देऊन या.